प्रतिसाद: संकल्प मोडणारच, तर करायचेच कशाला?

नवीन वर्षाचा संकल्प फेब्रुवारीत मोडतो, मग नुसती अपराधीपणाची टोचणी उरते, तेव्हा ख्रिस्ती माणसाने देवाच्या कृपेवर विसंबावं आणि संकल्प करूच नयेत, असं ज्या लेखाला हा प्रतिसाद देतोय त्यात म्हटलंय. टोचणीचं खरंय. पण त्यात ज्या अठराव्या शतकातल्या अमेरिकन धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्‌सचं उदाहरण दिलंय, त्याची वही नीट बघा. १७२२-२३ मध्ये, जेमतेम एकोणीस वर्षांचा असताना, त्याने ७० संकल्प लिहिले. सुरुवातीलाच कबुली, की देवाच्या मदतीशिवाय मला काहीच जमणार नाही. पाठोपाठ स्वतःलाच ताकीद, की हे आठवड्यातून एकदा वाचायचे. आणि तिसरा संकल्प चक्क संकल्प मोडल्यावर काय करायचं याचा: भानावर आलो की आठवेल तेवढ्याचा पश्चात्ताप करायचा. म्हणजे मोडणार हे गृहीतच होतं!

माझं सांगतो. आम्ही नाशिकला शरणपूर रोडच्या बाजूला राहतो. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत, थंडीने कुडकुडत, वर्षात अख्खं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं मी सलग चार वर्षं ठरवलं. चारही वेळा गाडी त्यातल्या तिसऱ्या पुस्तकाच्या, लेवीयच्या, तेराव्या अध्यायात, त्या चट्ट्यांच्या आणि केसांच्या नियमांत, रुतली. पाचव्या वर्षी तारखांचा तक्ता फाडला. आता शनिवारी रात्री, भांडी आवरली की, स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच वही उघडतो आणि आठवड्यात काय राहिलं ते पेन्सिलीने लिहितो. बायको म्हणते, वाण्याची उधारी मांडतोय असं वाटतं. लेवीय मात्र गेल्या पावसाळ्यात संपलं.