गच्चीवर टोमॅटोची फुलं गळतात, पानं पिवळी पडतात. लातूरच्या उन्हात वर्षभर काय कधी लावावं?

गच्ची_लातूर:
दिवसभर ऊन. १२ इंची १५ कुंड्या, सगळ्यांत शेतातली काळी माती, पाणी बोअरचं. मार्चअखेरपासून टोमॅटोची फुलं देठासकट गळतात. कुंडीच्या कडेने बोटभर भेग, पाणी घातलं की लगेच खालून निघून जातं. नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. खत कमी पडतंय का?

काळी_माती:
ताई, खत मुळीच वाढवू नका, नुसता पाला माजेल. दिवसाचा पारा ३५च्या वर गेला आणि रात्रही उकाड्याची असली की टोमॅटोचे पराग निकामी होतात, फळ धरत नाही. आहे ती फळं पिकू द्या, मग झाड काढा.

खरी अडचण भेगेची आहे. काळी माती वाळली की आकसून कुंडीपासून सुटते. पाणी त्या फटीतून वाहून जातं आणि मुळांचा गड्डा कोरडाच राहतो. आज कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा. मे महिन्यात माती उपसून एक भाग काळी माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असं भरा, कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. वर दोन इंच सोयाबीनचं भुसकट पसरा, खोडापासून जरा लांब. शेडनेट ५० टक्के ऊन अडवणारं, शेंड्यापासून दोन फूट वर बांधा. झाडाला चिकटलं तर वारा कोंडतो.

परभणीकर:
पिवळी पानं म्हणजे लोहाची कमतरता. आपली माती चुनखडीची, बोअरचं पाणी क्षाराचं, त्यामुळे मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. लिटरभर पाण्यात आधी अर्धं लिंबू पिळा, मग ३ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवा. गाळून ऊन उतरल्यावर फवारा, आठ दिवसांनी पुन्हा एकदा. दुपारी फवारलंत तर पानं करपतील. जुनी पानं सुधारली नाहीत तरी चालेल, नवा शेंडा हिरवा निघतोय का ते बघा.

आणि कुलरच्या टाकीत उरलेलं पाणी कुंडीत ओतू नका! पाणी उडून जातं, क्षार मागे साठतात.

गच्ची_लातूर:
कुलरचंच पाणी घालत होते, आजपासून बंद. आता पुढे काय लावू?

काळी_माती:
आता फक्त माठ आणि पुदिना, तेही नेटखाली. मृग लागला की भेंडी, गवार, चवळी, दोडका. भेंडीत परभणी क्रांती घ्या. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं हे वाण केवडा रोगाला दाद देत नाही म्हणून नावाजलं. तरीही शिरा पिवळ्या पडलेलं झाड दिसलं की लगेच उपटा, पांढरी माशी तो रोग शेजारच्या झाडावर नेते. टोमॅटोचं बी रोपांसाठी ऑगस्टमध्ये टाका, गणपती झाले की रोपं कुंडीत लावा. दसऱ्यापासून मेथी, पालक, शेपू, दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं. धने रगडून दोन फोडी करून पेरा. संक्रांतीनंतर काकडी, दुधी.

परभणीकर:
दोडक्याला १२ इंची कुंडी पुरत नाही, १८ इंची तरी हवी. गच्चीवर मधमाश्या कमी असल्या तर मादी फुलाखालचा बारीक दोडका पिवळा पडून गळतो. फुलं संध्याकाळी उमलतात. तेव्हा नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा.