लिस्बन ते माद्रिद विमानाला नक्की किती वेळ लागतो? लवकर सांगा

पावट्याची_उसळ:
आई-बाबांचं शुक्रवारचं तिकीट आहे. लिस्बनहून सकाळी 9.40 ला निघून माद्रिदला दुपारी 12.00. म्हणजे 2 तास 20 मिनिटं! अंतर जेमतेम 500 किमी, मुंबई-गोव्याहून थोडंच जास्त. एजंट म्हणतो थेट आहे, मध्ये थांबत नाही. मग एवढा वेळ कशाला? गंडवलंय का?

गावभर:
500 नाही, सव्वासहाशे किमी. आम्ही गाडीने गेलो होतो, बादाहोसला जेवून सुद्धा दिवसाउजेडी पोहोचलो.

नाकासमोर:
@गावभर, ते रस्त्याने. विमान टोलनाक्यावरून जात नाही हो.
@उसळ, स्पेनचं घड्याळ पोर्तुगालच्या एक तास पुढे आहे आणि तिकिटावर त्या त्या गावची वेळ छापतात. खरा प्रवास 1 तास 20 मिनिटं. येताना 3 ला निघालात तर 3.20 ला पोहोचाल!

पावट्याची_उसळ:
ओह. मग पुढचं विमान 2.05 चं आहे, ते कुठल्या घड्याळाने?

नाकासमोर:
पुढचं?? हे आत्ता सांगताय! माद्रिदच्या घड्याळाने. एकाच पीएनआरवर आहे का? टर्मिनल कुठलं? सामान किती?

रुळावरचा:
विमानाच्या भानगडीत पडूच नका. लिस्बनहून रात्रीची लुसितानिया गाडी पकडायची, डोळे उघडले की माद्रिद.

नाकासमोर:
ती 2020 च्या मार्चपासून बंद आहे. आता गाड्या बदलत अख्खा दिवस जातो.

रुळावरचा:
जाऊ दे की. खिडकीतून दिसतं तरी काहीतरी.

पावट्याची_उसळ:
तिकिटं वेगवेगळी काढलीत. दोन मोठ्या बॅगा. आईचे गुडघे दुखतात.

सातासमुद्री:
मग दोन तास फार कमी. बॅगा घ्या, बाहेर या, परत चेक-इन करा. काउंटर बहुतेक तासभर आधी बंद होतो, म्हणजे 1.05 ला. शिवाय माद्रिदचं टर्मिनल 4 बाकीच्यांपासून लांब आहे, फुकट बस असते पण वेळ खाते. पहिलं विमान उशिरा आलं तर वेगळ्या तिकिटाची जबाबदारी कोणी घेत नाही. सकाळचं पहिलं विमान बघा. आणि आईंसाठी व्हीलचेअर आजच सांगून ठेवा, 48 तास आधी कळवायचं असतं.

चिवडेवाली:
डब्यात चिवडा असेल तर चालतो. लोणच्याची बाटली मात्र हातातल्या बॅगेत नको, काढून घेतात.

गावभर:
मुळात स्पेनचंच घड्याळ चुकलंय. नकाशात बघा, ते पोर्तुगालच्या वेळेवर असायला हवं. 1940 मध्ये फ्रँकोने काटा तासभर पुढे ढकलला, तो मागे आलाच नाही. जूनमध्ये माद्रिदला रात्री साडेनऊला ऊन असतं.

नाकासमोर:
पण धागा कशाचा आहे, गावभर?

पावट्याची_उसळ:
सकाळी 7 चं मिळालं, जादा पैसे गेले. टर्मिनल 1 ला उतरून पुढचं 4 हून आहे, म्हणजे ती बस आलीच. व्हीलचेअर सांगितली. चिवडा लिस्बनलाच संपलाय.