काजू बी आणि गर: मधला फरक नेमका कुठे जातो
"काजूची बी किलोला १२० रुपयांनी जाते, आतला गर ९०० ला विकतात, मधले ७८० दलाल खातो" हा नेहमी ऐकू येणारा हिशेब चुकतो. एक किलो गराला साधारण चार किलो बी लागते, म्हणजे ४८० रुपये बीचेच झाले. पुढे उकडणे, फोडणे, ड्रायरमध्ये सुकवणे, सोलणे, प्रतवारी. त्यात गर तुटला की भाव उतरतो. पाकळी-तुकड्याला अख्ख्याचा दर कोण देणार?

खरा अन्याय वेगळा आहे. बी किलोमागे १० रुपयांनी उतरली, तर गर ४० ने उतरायला हवा. दुकानात तो तितका उतरत नाही, आणि उतरला तरी उशिरा. आफ्रिकेतली बी स्वस्त आली की सिंधुदुर्ग-रत्नागिरीतला दर मात्र लगेच पडतो. बागायतदाराला हंगामातच पैसा लागतो, म्हणून ओली बी विकली जाते आणि व्यापारी सुकल्यावरची वजनातली घट धरूनच दर सांगतो.

बीला चिकटलेला बोंडूचा (काजूच्या फळाचा) अंश काढून दोन-तीन कडक उन्हं द्या, मग गोणपाटात भरा, म्हणजे विकायला थांबता येतं. वेंगुर्ला ४ आणि ७ या काजूच्या जातींचा उतारा, म्हणजे बीतून निघणारा गर, ३० टक्क्यांच्या आसपास असतो. ती बी गावठीत मिसळू नका, वेगळा दर मागा.