कार्बामाझेपिनच्या गोळीला 1 टक्का एसएलएस: गरज की पांघरूण?

विद्राव्य: प्रश्न डिसोल्यूशन चाचणीचा, म्हणजे फिट्सवरचं हे औषध गोळीतून किती वेगाने विरघळतं ते मोजण्याचा. 200 मिग्रॅच्या साध्या गोळीला यूएसपीचं (अमेरिकी औषधकोशाचं) माध्यम म्हणजे 900 मिली पाण्यात 1 टक्का सोडियम लॉरिल सल्फेट (एसएलएस, साबणासारखं द्रव्य), ढवळायला पॅडल 75 आरपीएम. तयार बॅच पास करायच्या रिलीज टेस्टला चालेल. पण फॉर्म्युलेशन ठरवतानाही हेच वापरणं पटत नाही. ओलाव्याने डायहायड्रेट (पाणी धरलेला स्फटिक) बनून गोळी टणक होते, ही या औषधाची खरी गोम. एवढ्या साबणात तो फरक बुजणारच.

क्यूसी_बेंच: मग पाण्यात करणार का? 200 भागिले 900 म्हणजे 0.22 मिग्रॅ/मिली. पाण्यातली विद्राव्यता जेमतेम त्याच पातळीची. सिंकसाठी, म्हणजे सगळं औषध विरघळूनही माध्यमात वाव उरावा यासाठी, तिप्पट विद्राव्यता, म्हणजे 0.67 लागते. पीएच बदलूनही उपयोग नाही, रेणू आयनित होतच नाही. आणि "बुजणारच" कशावरून? अमेरिकेत तक्रारींमुळे परत घेतलेल्या बॅचवर 1992 मध्ये अभ्यास झाला. त्यात याच पद्धतीचे आकडे रक्तातल्या पातळीशी चांगले जुळले होते.

विद्राव्य: तो मुद्दा मान्य. पण त्या बॅचमधली तफावतच ढळढळीत होती. बाइंडर (गोळी बांधून ठेवणारा घटक) थोडा वाढला किंवा कॉम्प्रेशन फोर्स (गोळी दाबण्याचा जोर) चढला तर फरक 10-15 मिनिटांना दिसतो, 60 मिनिटांना नाही. म्हणून 0.25, 0.5 आणि 1 टक्क्यात 24 तास, 37 अंशाला विद्राव्यता काढा. तळाशी उरलेला घन डायहायड्रेट झालाय का तेही तपासा. मग सिंक सांभाळणारी सर्वांत कमी मात्रा घ्या.

क्यूसी_बेंच: 0.25 कागदावर छान दिसतं. पाण्यात मिसेल (औषध विरघळवून घेणारे एसएलएसचे पुंजके) बनायला लागतात तेच 0.23 टक्क्याच्या आसपास. अगदी काठावर काम केलंत तर एसएलएसचा लॉट बदलला की प्रोफाइल (वेळेनुसार विरघळण्याचा आलेख) हलणार. 0.5 चा विचार करता येईल. 15 मिनिटांचा पॉइंट मात्र 1 टक्क्यातही घेता येतो, त्यासाठी माध्यम बदलायची गरज नाही.

फिल्टर_45: भांडण चालू द्या, पण एसएलएस पोटॅशियम फॉस्फेट बफरमध्ये कोणी घालू नका. पोटॅशियम डोडेसिल सल्फेट साकळतं. व्हेसलमध्ये (चाचणीच्या भांड्यात) 37 अंशाला एखादवेळी स्वच्छ दिसेल, सॅम्पल गार झाला की गढूळ, आणि फिल्टर चोंदतो. बफर हवाच असेल तर सोडियमचा. हवा आधी काढा, एसएलएस मागाहून हळू ढवळत विरघळवा, नाहीतर व्हॅक्यूमखाली नुसता फेस. सहा व्हेसलना 5.4 लिटर लागतं. 6 लिटर करा, 60 ग्रॅम एसएलएस.

विद्राव्य: 0.5 वर तडजोड करतो. पण टणक केलेली गोळी आणि ताजी गोळी दोन्ही माध्यमांत शेजारी शेजारी लावा. 15 मिनिटांना 1 टक्क्यात फरक दिसला नाही तर?

क्यूसी_बेंच: तर 0.5.