व्हिसावरची ती एक ओळ : तुमचे अनुभव

खिडकीतली
काल लेकीच्या पासपोर्टचं रिन्यूअल करायचं म्हणून कागदांचा डबा उपसला तर तळाशी माझा जुना, कोपरा कापलेला पासपोर्ट निघाला. आत एच-४ चा, म्हणजे एच-१ या नोकरीच्या व्हिसावाल्याच्या बायकामुलांना मिळतो त्या व्हिसाचा स्टॅम्प. फोटोत मी अशी बघतेय की जणू कुणीतरी नुकतंच ओरडलंय.

२०११ ला लग्न होऊन अमेरिकेत आले. त्याआधी पाच वर्षं नोकरी, हाताखाली सहा जण. तिथे पोचल्यावर आठवड्याभरात बँकेत जॉइंट अकाउंट उघडायला गेलो, समोरच्या बाईने विचारलं सोशल सिक्युरिटी नंबर? म्हटलं नाही. एच-४ वाल्यांना तो मिळायचाच नाही, टॅक्स भरायला आयटीआयएन नावाचा वेगळा नंबर घ्यायचा. मग तिने फॉर्म पुढे सरकवला. ऑक्युपेशनच्या रकान्यावर माझं पेन थांबलं ते थांबलंच. नवऱ्याने हळूच पेन घेतलं आणि होममेकर लिहिलं. त्याचं चुकलं काहीच नाही, खरं तेच होतं, पण त्या दिवशी मी गाडीत एक शब्द बोलले नाही.

एच-४ वर शिकता येतं, अगदी फुल टाइम. नोकरी मात्र तेव्हा नाही. मग कम्युनिटी कॉलेजात दोन-तीन कोर्स केले. एका ठिकाणी म्हटलं फुकट काम करते, डेटाचं काहीतरी द्या, तर तिथल्या एचआरने सांगितलं की ज्या कामाला इतरांना पगार देतो ते तुझ्याकडून फुकटही करून घेता येणार नाही. म्हणजे फुकटसुद्धा कुणी घेईना!

मे २०१५ मध्ये ईएडीचा, म्हणजे आम्हाला काम करायच्या परवानगीच्या कार्डाचा नियम आला तेव्हा मैत्रिणींचे फोनवर फोन. पण त्यात अट होती, नवऱ्याची आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर हवी किंवा एच-१ सहा वर्षांच्या पुढे वाढलेला हवा. आमच्या साहेबांच्या कंपनीने ग्रीन कार्डचं काम सुरूच केलं नव्हतं. माझ्या हातात कार्ड आलं २०१७ ला. मुलगी दोन वर्षांची आणि रेझ्युमेत सहा वर्षांचं भगदाड.

तो स्टॅम्प बघून हे सगळं वर आलं. तुमचेही असतीलच किस्से, कुठल्याही देशाचे चालतील. लिहा.

आगाऊ
पहिला! आमच्या ग्रुपात एच-४ चा अर्थ असा होता, ह चे चार : हसा, हो म्हणा, हात जोडा, हलू नका.

खिडकीतली
आगाऊ, हाहा, हे तेव्हा माहीत असतं तर फ्रिजवर लावलं असतं.

बेरीज_वजाबाकी
ऑस्ट्रेलिया. स्टुडंट व्हिसा. सेमिस्टर चालू असताना पंधरवड्याला ४८ तास काम चालतं, आधी ४० होते, जुलै २०२३ पासून ४८. मधे कोविडनंतर माणसंच मिळत नव्हती तेव्हा जानेवारी २०२२ पासून दीड वर्ष मर्यादाच काढून टाकली होती, त्या काळात आलेल्या आमच्या सीनियर लोकांना वाटायचं की हे असंच असतं. तर मी अकाउंटिंगचा विद्यार्थी, आकडेमोड आपल्याला येते असा समज, रोस्टर वहीत लिहून ठेवायचो. पहिला आठवडा २०, दुसरा २८, झाले ४८. तिसरा २६, चौथा २२, झाले ४८. एकदम चोख. रूममेटने वही बघितली आणि म्हणाला अरे वेड्या, दुसरा आणि तिसरा मिळून किती? ५४. पंधरवडा म्हणजे कुठल्याही सोमवारी सुरू होणारे १४ दिवस. म्हणजे प्रत्येक आठवडा मागच्याशीपण मोजायचा आणि पुढच्याशीपण. सहा तास जास्त झाले होते तोवर. कुणी विचारलं नाही, काही झालं नाही, पण ते पूर्ण सेमिस्टर दारावर कुणी टकटक केली की मला वाटायचं आले. अकाउंटिंगमध्ये डिस्टिंक्शन आहे हं मला.

उंटावरचा_शहाणा
वहीत लिहिणारा विद्यार्थी अजून शिल्लक आहे हे वाचूनच भरून आलं.

शेंडेफळ
यूके, २०२२. मी मास्टर्सला, बायको डिपेंडंट. मला आठवड्याला २० तास, तेही सोमवार ते रविवार असा आठवडा धरून, सरासरी वगैरे काढायची सोय नाही. तिला काहीही बंधन नाही, फुल टाइम नोकरी! ती सकाळी आठला निघायची, मी भांडी घासून लेक्चरला. कागदावर ती डिपेंडंट, घरात मी.

पण माझा खरा किस्सा तबल्याचा. मी बऱ्यापैकी वाजवतो. एका कार्यक्रमात साथीला बसशील का, पाकीट देऊ म्हणाले. मी खूष. निव्वळ शंका आली म्हणून युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसात विचारलं. त्या बाईंनी शांतपणे सांगितलं की स्टुडंट व्हिसावर एंटरटेनर म्हणून काम करता येत नाही. आणि पाकीट घेऊन स्वतःच्या जोरावर काम म्हणजे सेल्फ एम्प्लॉयमेंट, ते पण बंद. दोन्हीकडून मार. मी म्हटलं मॅडम माझं वाजवणं ऐकलंत तर एंटरटेनर म्हणणार नाही. हसल्या, पण उत्तर तेच. कार्यक्रमाला गेलो, तिसऱ्या रांगेत बसून मांडीवर बोटं आपटत होतो.

आता तर जानेवारी २०२४ पासून संशोधनाचे कोर्स सोडले तर बहुतेक स्टुडंट्सना डिपेंडंट आणताच येत नाहीत. आम्ही वेळेत निसटलो.

उंटावरचा_शहाणा
तबला कुठल्या घराण्याचा?

पाऊलखुणा
हे कॅनडाचं आहे आणि हसण्यासारखं नाहीये. मावसभाऊ गेला तेव्हा एजंटने आठ महिन्यांच्या सर्टिफिकेट कोर्सला घातलं, स्वस्त आणि लवकर होतो म्हणून. कोर्स संपला, लगेच वर्क परमिटचा अर्ज. कोर्स आठ महिन्यांचा म्हणून परमिटही आठ महिन्यांचं. त्यात नोकरी मिळेपर्यंत तीन महिने गेले. मग परत दोन वर्षांच्या कोर्सला ॲडमिशन घेतली, परत फी, परत सगळं, आणि तो संपल्यावर कळलं की शिक्षणानंतरचं ते वर्क परमिट आयुष्यात एकदाच मिळतं. एकदाच. दोन वर्षांच्या कोर्सवर तीन वर्षांचं मिळालं असतं, ते त्या आठ महिन्यांपायी गेलं. पहिल्या कोर्सनंतर अर्ज न करता थेट दुसरा केला असता तर चाललं असतं. एजंटला विचारलं तर तो म्हणे तुम्ही विचारलंच नव्हतं.

मावशी अजून म्हणते फॉर्म भरताना मी त्याला घाई केली. तिचा काय संबंध त्यात.

खिडकीतली
पाऊलखुणा, वाचून कसंतरी झालं. आता कुठे आहे तो?

पाऊलखुणा
परत आला. बरा आहे. त्या विषयावर बोलत नाही. मीच इथे लिहून मोकळी झाले.

सावकाश
जपान. आठवड्याला २८ तास, पण त्यासाठीही आधी वेगळी परवानगी काढावी लागते, तिचा शिक्का रेसिडेन्स कार्डाच्या मागच्या बाजूला मारतात. शिक्का नाही तर एक तासही नाही. मला पाचिंको हॉलमध्ये, म्हणजे तिकडच्या जुगाराच्या अड्ड्यात, सफाईचं काम मिळत होतं, रात्रीचं, पैसे चांगले. सेन्सेईंना, म्हणजे सरांना सांगितलं तर त्यांनी डोक्याला हात लावला. तसल्या ठिकाणी विद्यार्थ्याने फरशी पुसलेलीपण चालत नाही, जागाच वर्ज्य. मग गोडाऊनमध्ये खोके उचलले वर्षभर. पाठ अजून दुखते

स्वल्पविराम
बाप रे काय काय सहन केलंय लोकांनी. आम्ही नशीबवान म्हणायचं, नवऱ्याची कंपनी सगळं बघते, आमचा तिघांचा अमेरिकेचा व्हिसा २०२७ पर्यंत आहे, मला तर कागद कुठे ठेवलेत हेही माहीत नाही.

निळी_शाई
जर्मनी. माझा अनुभव उलटा आहे. नवरा ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) त्यामुळे मला ए-वन ही भाषेची पहिली परीक्षापण लागली नाही, तशीच गेले, एक अक्षर येत नव्हतं. कार्ड आलं, त्यावर एक शब्द : एर्व्हेर्ब्सटेटिगकाइट. एवढा लांब आणि एवढा खरखरीत शब्द म्हणजे नक्कीच मनाई असणार. दीड महिना मी घरात बसून होते आणि नवऱ्याला टोमणे मारत होते की तुझ्या पायी माझी कारकीर्द संपली. शेवटी वरच्या मजल्यावरच्या आजींना कार्ड दाखवलं. त्या म्हणाल्या अगं पुढचा शब्द वाच ना, गेश्टाटेट. म्हणजे परवानगी आहे. कुठलीही नोकरी कर, धंदा कर. नवऱ्याने त्या दीड महिन्याची भरपाई अजून मागितलेली नाही, पण वादात ते कार्ड अधूनमधून बाहेर काढतो.

आता भाचा आलाय शिकायला. इथे विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, मार्च २०२४ च्या आधी १२० आणि २४० होते. चार तासांपर्यंत काम म्हणजे अर्धा दिवस. तो पाच तास करून येतो आणि पूर्ण दिवस घालवतो. सांगून दमले.

आगाऊ
निळी_शाई, तो शब्द तीनदा म्हणायचा प्रयत्न केला, शेजारचा माणूस जागा बदलून बसला.

मोजणी_चालू
हाय. मी अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहे, ओपीटी, म्हणजे शिक्षण संपल्यावर विषयातलं काम करायची मुदत. बेकारीचे ९० दिवस मिळतात एकूण, त्यानंतर स्टेटस जातं. आज माझा ६१ वा. रोज सकाळी फोनवर आकडा बघायचा आणि मग ब्रश करायचा. घरी सांगितलं नाहीये, आई विचारते ऑफिसमध्ये काय चाललंय. बस एवढंच, कुठेतरी लिहायचं होतं.

खिडकीतली
अगं ए. एकटी बसू नकोस. पहिल्या वर्षाच्या ओपीटीवर आपल्या विषयातलं काम बिनपगारी असलं तरी आठवड्याला निदान २० तास असेल तर नोकरीत धरतात, म्हणजे घड्याळ थांबतं. फक्त तुझ्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचं बघणाऱ्या अधिकाऱ्याला, डीएसओला आधी विचार आणि रेकॉर्डवर घाल. माझ्यासारखं नाही, तुझ्या व्हिसाला ही खिडकी आहे.

बेरीज_वजाबाकी
विषय कोणता तुझा?

मोजणी_चालू
बायोस्टॅटिस्टिक्स. थँक्यू ताई, डीएसओला मेल करते आज.

सावकाश
बायोस्टॅट असेल तर माझी चुलतबहीण त्याच क्षेत्रात आहे तिकडे. मेसेज करतो. आणि आईला सांग, आयांना तसंही कळलेलं असतं

उलटी_गाडी
सगळे बाहेरचंच लिहितायत म्हणून इकडचं लिहिते. माझी वहिनी फ्रेंच. लग्नानंतर भारतात आली ती एक्स व्हिसावर (भारतीयाची बायको म्हणून मिळतो तो), चौदा दिवसांच्या आत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी लोकांच्या नोंदणी कचेरीकडे नोंदणी करायची असते, सगळं ऑनलाइन. फोटो तीनदा परत आला, एकदा कान दिसत नाहीत म्हणून, एकदा पार्श्वभूमी पांढरी नाही म्हणून, तिसऱ्यांदा का ते कळलंच नाही. दादा लॅपटॉपसमोर घामाघूम आणि ती त्याला समजावतेय की आमच्याकडेही असंच असतं. एक्सवर नोकरी नाही. एवढी शिकलेली बाई, दोन वर्षं घरी. आम्हीच सगळे आपले लोक बाहेर कसे अडकतात म्हणून हळहळायचो आणि आमच्याच घरात तेच चाललेलं.

लग्नाला दोन वर्षं झाल्यावर ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक राहूनही भारतात कायम राहता येतं त्या कार्डाचा अर्ज. ते मिळालं की नोकरी, शिक्षण, सगळं खुलं, मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. बाबा म्हणाले बरं झालं, आहे तीच कसायला कुणी नाही. वहिनीला संशोधन करायचं होतं, तर २०२१ पासून ओसीआयवाल्यांना त्याला वेगळी परवानगी लागते. ती आता भाषांतरं करते. मराठीत शिव्या माझ्यापेक्षा चांगल्या देते, बहुतेक त्या फोटोच्या वेळीच शिकली.

काडीपेटी
एच-४ वरच्या मुलांचं कुणी लिहिलं नाही. मुलगा सोळाचा, त्याचे मित्र उन्हाळ्यात पूलवर लाइफगार्ड म्हणून जातात, हा पोहण्यात त्यांच्यापेक्षा पुढे, पण नोकरी नाही करता येत. मित्रांना सांगतो आई सोडत नाही. माझ्यावर ढकलतो, मी ढकलू देते. एकवीस पूर्ण झाले की एच-४ पण संपतो, मग एफ-१.

आणि स्वल्पविराम, एक सांगू का, रागवू नका. २०२७ म्हणताय ती तारीख स्टॅम्पवरची का? ती फक्त आत यायची तारीख. राहायची मुदत आय-९४ वर, म्हणजे देशात आत येताना होते त्या नोंदीवर असते. आमच्या ह्यांचा पासपोर्ट संपत आला होता तेव्हा एअरपोर्टवरच्या ऑफिसरने आय-९४ पासपोर्टच्याच तारखेपर्यंत दिला. पासपोर्ट नवा केला पण आय-९४ आपोआप वाढत नाही. नशिबाने वेळेत कळलं. साइटवर पासपोर्ट नंबर टाकला की दिसतं, तिघांचंही बघा. कंपनीचे वकील एच-१ वाल्याचं बघतात, बायकामुलांचं आपणच बघायचं.

शेंडेफळ
एकवीसचं माहीत नव्हतं. वाढदिवसाची काय भेट.

स्वल्पविराम
रागवू कशाला, बघते. फक्त पासपोर्ट कुठल्या कपाटात आहेत ते आधी शोधावं लागेल.

उंटावरचा_शहाणा
आमच्याकडे कपाटातल्या वस्तू शोधायला वेगळा व्हिसा लागतो आणि तो फक्त बायको देते.

स्वल्पविराम
सापडले. माझा आणि नवऱ्याचा बरोबर आहे. लेकाची तारीख या महिन्याची १९ दाखवतेय. त्याच्या जुन्या पासपोर्टची तारीख आहे ही, मागच्या ट्रिपला तोच होता. आज ११. नवरा झोपलाय, उठवतेय.

काडीपेटी
घाबरू नका, आठ दिवस आहेत. मुदत संपायच्या आत एक्स्टेन्शनचा अर्ज पोचला पाहिजे. वकिलाला आत्ता रात्रीच मेल टाका, दोन्ही पासपोर्टची कॉपी आणि आय-९४ ची प्रिंट जोडून. सकाळी फोन करा.

स्वल्पविराम
टाकला मेल. तो पलंगावर बसून तिसऱ्यांदा तीच तारीख वाचतोय.

उंटावरचा_शहाणा
शेंडेफळ, घराणं राहिलंच.

शेंडेफळ
फरुखाबाद. पण बायकोच्या मते आवाज.