'बधिर' चट्टा : पेशंटला विचारायचं कोणत्या शब्दांत?

प्रश्न : मी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. कुष्ठरोगाच्या भित्तिपत्रकांवर 'बधिर चट्टा' असतं. वयस्कर पेशंटना 'बधिर' म्हणजे बहिरा एवढंच माहीत. 'सुन्न' म्हटलं तर हातापायांना मुंग्या येतात ते सांगत बसतात. नेमकं काय विचारावं?

कुष्ठरोग तंत्रज्ञ : डॉक्टर, 'बधिर' कागदावरच राहू द्या. 'इथं हात लावलेला कळतो का?' असं विचारा. तरी माणूस डागाकडे बघत असला तर 'हो' म्हणूनच सांगतो. म्हणून आधी चांगल्या कातडीवर बॉलपेनचं टोक हलकेच टेकवून दाखवा, मग डोळे मिटायला लावा आणि 'लागेल तिथं बोट ठेवा' म्हणा. चट्ट्यावर टोक टेकलं आणि बोट जागचं हललं नाही, की उत्तर मिळालं. चेहऱ्यावरच्या चट्ट्याला मात्र एवढ्यावर सोडू नका, तिथं स्पर्श पुष्कळदा शाबूत असतो.

आणखी दोन प्रश्न मी कधी चुकवत नाही. 'चालताना चप्पल निसटली तर कळतं का?' आणि 'चटका बसलेला फोड आल्यावरच समजला, असं झालंय का?'

एक वाचक : आमच्याकडे 'चट्टा' ऐकलं की लोकांना आधी कोडच आठवतं.

कुष्ठरोग तंत्रज्ञ : खरंय, आणि त्या धास्तीनं माणसं डाग झाकून ठेवतात. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा, त्यावरचे केसही कधी पांढरे होतात, स्पर्श मात्र कळतो. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर, पांढराशुभ्र कधीच नाही. 'शिबं' वेगळी, त्यांवर बारीक कोंडा सुटतो.

प्रश्नकर्ता : आणि घरातल्यांचं कसं विचारायचं? 'महारोग' म्हटलं की बोलणंच थांबतं.

कुष्ठरोग तंत्रज्ञ : तो शब्द तोंडून काढूच नका, 'रक्तपिती'ही नको. 'घरात कुणी सहा महिने, वर्षभर पाकिटातल्या गोळ्या घेतल्या होत्या का? त्यातल्या एका गोळीनं लघवी लाल व्हायची?' असं विचारा. ती रिफाम्पिसिनची खूण, महिन्यातून एकदा समोर गिळायला लावतात. लाल लघवीनं घरचे घाबरलेले असतात, त्यामुळे वर्षांनंतरही आठवतं. मात्र क्षयाच्या गोळ्यांनीही तसंच होतं, म्हणून 'खोकला होता की डाग?' हे लगेच विचारून घ्या.