ब्रोकरला फुकटखाऊ म्हणणाऱ्यांसाठी

खारा वारा
परवा इथेच एकाने ठोकून दिलं की जुनी यॉट घ्यायची तर सरळ मालकाला फोन लावा, ब्रोकर म्हणजे चार फोटो टाकून 10 टक्के खाणारा माणूस. त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन दिवस गप्प बसलो, आता नाही राहवत.

माझी पहिली बोट, 34 फुटी, मी थेट मालकाकडूनच घ्यायला गेलो होतो. माणूस इतका गोड की कागद मागायची मलाच लाज वाटायची. बोट ब्रिटिश रजिस्टरवरची, आणि तिथे एका बोटीचे 64 हिस्से धरतात हे तुम्हा पंडितांना माहीत असेल, मला तेव्हा नव्हतं. उतारा काढला तर याच्या नावावर 32च, उरलेले 32 माजी मेव्हण्याचे, आणि दोघांचं बोलणं बंद! तोवर डिपॉझिट देऊन झालेलं, तेही त्याच्या घरखर्चाच्या खात्यात. पैसे परत यायला अख्खा सीझन गेला, वकील वेगळा.

पुढची ब्रोकरकडून घेतली. आधीच्या सगळ्या मालकांची विक्रीपत्रं ओळीने लावलेली, बँकेचं कर्ज फिटल्याचा दाखला, करार सर्व्हे (तज्ज्ञाची तपासणी) आणि सी ट्रायलच्या (पाण्यात चालवून बघण्याच्या) अटीवर, पैसे वेगळ्या खात्यात. सर्व्हेत डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा-दोर, म्हणजे रिगिंग, जुनं निघालं तेव्हा मालक माझ्यावर भडकणार होता, ते सगळं ब्रोकरने झेललं. मला त्या 10 टक्क्यांचं दुःख नाही.

उलटं शीड
ठोकून देणारा मीच.

साहेब, उतारा तुम्ही डिपॉझिटनंतर काढलात ही चूक कोणाची? आधी काढला असता तर मेव्हणा तिथेच भेटला असता. स्वतःच्या आळसाचं बिल थेट खरेदीच्या नावावर फाडू नका.

आणि ते "वेगळं खातं". मीही एकदा ब्रोकरकडे 10 टक्के डिपॉझिट भरलं. करारात क्लायंट अकाउंट, म्हणजे गिऱ्हाइकांचे पैसे वेगळे ठेवायचं खातं, असा शब्द होता. शब्दच होता, खातं नव्हतं. ज्या खात्यातून ऑफिसचं भाडं जायचं त्यातच माझे पैसे पडले, दोन महिन्यांनी ऑफिसला टाळं आणि मी घेणेकऱ्यांच्या रांगेत. बोटीचा मालक म्हणतो मला एक छदाम मिळाला नाही, बोट देणार नाही. त्याचंही बरोबरच म्हणा.

मूळ गोष्ट कोणी बोलतच नाही. ब्रोकर विकणाऱ्याचा माणूस असतो. त्याला पैसे विकणारा देतो, तेही सौदा झाला तरच. तो तुमच्या खांद्यावर हात ठेवतो म्हणून तो तुमचा होत नाही.

दोन बोटींची मालकीण
तुम्ही दोघेही घेणाऱ्याच्या बाजूने बोलताय. विकून बघा एकदा.

मी एक बोट स्वतः विकायला काढली. रविवार मागून रविवार नुसते बघे! एक कुटुंब तीनदा आलं, मुलांनी सुकाणू धरून फोटो काढले, बाईंनी केबिनच्या उशा दाबून बघितल्या, आणि शेवटी म्हणाले आम्हाला खरं तर बोट घ्यायचीच नाहीये, अंदाज घेत होतो. म्हणून ब्रोकरकडे गेले, तर त्याने सहा महिन्यांच्या एक्स्क्लुझिव्ह करारावर सही घेतली आणि झोपी गेला. वाइड अँगलचे फोटो टाकले, माझी मागची केबिन नाचायच्या हॉलसारखी दिसत होती, येणारा प्रत्येक जण दारातच हिरमुसायचा. आणि हे मी कधीपासून सांगतेय, लोक सिंकमध्ये भांडी असताना फोटो का काढतात? ओल्या गाद्या, लोंबकळणारे टॉवेल, आणि खाली वाक्य "उत्तम देखभाल".

दुसऱ्या ब्रोकरने पहिल्याच दिवशी सांगितलं, बाई बोट रिकामी करा, तळाशी पाणी साचतं ते बिल्ज धुवा, मग बोलू. त्याने विकली. त्याची फी मी आनंदाने दिली. पहिल्याला मात्र अजून शिव्या देते.

बिल्जमधलं पाणी
ब्रोकर बरा का मालक बरा, हा वादच फालतू आहे. सौदा बनवतो किंवा मारतो तो सर्व्हेअर. माझी बोट विकताना घेणाऱ्याचा सर्व्हेअर आला, बोट क्रेनने वर येऊन तास झाला नव्हता, हलमधून, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या अंगातून, पाणी ठिबकतंय आणि हा ओलावा बघायचा मॉइश्चर मीटर लावतोय. अर्थातच काटा टोकाला. रिपोर्टमध्ये "ऑस्मोसिसची शक्यता", म्हणजे फायबरमध्ये पाणी मुरून फोड येण्याची, लिहिलं आणि गिऱ्हाईक पळालं. त्या एका शब्दाने माझी बोट दोन वर्षं पडून राहिली.

जुना नाखवा
यार्डात आयुष्य गेलं म्हणून सांगतो. तो मीटर पाणी मोजत नाही, फायबरचा विजेला प्रतिसाद मोजतो, आणि आकडा फक्त तुलनेपुरता. तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावलेला तांब्याचा रंग (अँटिफाउलिंग), मीठ, आतल्या बाजूला भरलेली टाकी, यातलं काहीही असलं तरी काटा चढतो. वॉटरलाइनच्या वरचं आणि खालचं वाचन ताडून बघायचं, रंग जागोजागी खरवडायचा, बोट काही आठवडे सुकू द्यायची, मग तोंड उघडायचं.

आणि ऑस्मोसिसने बोट बुडाल्याचं मी तरी पाहिलं नाही. फोड फोडला की व्हिनेगरसारखा वास येतो, लोक घाबरतात, बस. घाबरायचं तर कीलला, बोटीच्या तळाखालच्या जड पात्याला घाबरा. 2014 ला चीकी रफिकी ही ब्रिटिश यॉट अटलांटिकात गेली ती आठवा, कील निखळून बोट उलटली, चौघेही गेले. पुढच्या वर्षी ब्रिटिश चौकशीचा अहवाल आला, त्यात होतं की आधी ती अनेकदा तळाला लागली होती आणि नंतरच्या दुरुस्त्या, या सगळ्याने कीलजवळची बांधणी कमकुवत झाली असण्याची शक्यता आहे. हलला आतून चिकटवलेली आधाराची चौकट (ग्रिड) सुटली तरी चटकन दिसत नाही. इथे मात्र सगळे फोड मोजत बसलेत.

बिल्जमधलं पाणी
नाखवा, तुम्हाला म्हणायला काय जातं "बस"? वरचा थर, म्हणजे जेलकोट, सोलायचा, महिनोन् महिने सुकवायचं, मग इपॉक्सीचे थरावर थर, ते बिल कोण भरतं? आणि हे काम करतं कोण? यार्डवालेच ना? म्हणजे इथे म्हणायचं काही होत नाही आणि गिऱ्हाईक आलं की पुढच्या हंगामापर्यंत जागा अडवायची.

जुना नाखवा
तोंड सांभाळा. ज्यांना गरज नव्हती अशा किती बोटी मी न सोलता परत पाठवल्या त्याचा हिशेब तुमच्याकडे नाही. तुमच्या बोटीचं गिऱ्हाईक फोडांमुळे नाही, रिपोर्ट वाचता येत नव्हता म्हणून पळालं.

दोन बोटींची मालकीण
झालं. ब्रोकर राहिला बाजूला, आता ओलावा.

उलटं शीड
कीलचा विषय माझ्याच बाजूचा आहे. माझी आत्ताची बोट थेट घेतली, मालकाने स्वतःहून सांगितलं की दोनदा खडकाला लागलीय, कुठे लागली ते दाखवलं, दुरुस्तीची बिलं हातात दिली. ब्रोकरच्या पत्रकात काय असतं? "माहिती सद्भावनेने दिली आहे, अचूकतेची हमी नाही." अहो हमी नाही तर 10 टक्के कशाचे?

खारा वारा
एक हरिश्चंद्र भेटला म्हणून सगळे मालक तसे होतात का? माझाही गोडच होता.

आणि उतारा काढला की झालं असं समजू नका. बोटीवरचं देणं बोटीला चिकटतं, मालकाला नाही. जुन्या मालकाने खलाशाचा पगार बुडवला असला तर बोट अडकते ती तुमची, आणि असली देणी कुठल्याही रजिस्टरवर दिसत नाहीत.

उलटं शीड
दिसत नाहीत ना? मग ती ब्रोकरला कुठून दिसणार? त्याच्याकडे काय वेगळा चष्मा आहे?

विक्रीपत्रात मालकाकडून लिहून घ्यायचं की बोट बोजामुक्त आहे आणि मागचं काही निघालं तर भरपाई तो देईल. तेवढंच करता येतं, आणि ते ब्रोकरशिवायही होतं.

खारा वारा
बरं, हे मान्य. तिथे ब्रोकर नुसता छापील कागद पुढे सरकवतो. पण तो कागद सरकवायचं सुचणारे किती जण आहेत? तुमच्यासारखे सर्वज्ञ थोडे असतात.

उलटं शीड
टोमणा पोचला. बदल्यात एक मीही मान्य करतो, परदेशी झेंड्याची बोट, कर भरल्याचे पुरावे, कर्ज फेडून मग ताबा, एवढी गुंतागुंत असेल तर मध्ये माणूस हवा. तो वकील असावा, ठरलेली फी घेणारा. सौदा मोडला तरी ज्याचे पैसे बुडत नाहीत तोच खरं बोलेल.

पहिलीच बोट
नमस्कार, मधेच घुसतोय, माफ करा. सगळं वाचलं, निम्मं कळलं. मी 31 फुटी बघितलीय, ब्रोकरकडची. इंजिन वीस वर्षांचं पण फक्त 400 तास चाललंय, म्हणजे नव्यासारखंच ना? सोमवारी सर्व्हे आहे.

जुना नाखवा
वर्षाला वीस तास? डिझेल इंजिन उभं राहूनच सडतं. इंजिन थंड असताना स्वतः सुरू करा, आधी कोणी गरम करून ठेवलं नाही ना ते हात लावून बघा. सेलड्राइव्ह (इंजिनाखाली तळातून बाहेर निघणारा पंख्याचा भाग) असेल तर रबर डायफ्राम शेवटचा कधी बदलला, बिलासकट विचारा.

बिल्जमधलं पाणी
इथे मी नाखव्याशी सहमत, लिहून ठेवा, पुन्हा होणार नाही. बोट पाण्याबाहेर किती दिवस आहे?

पहिलीच बोट
सोमवारी सकाळीच वर काढणार आहेत. ब्रोकर म्हणाला तासभर पुरतो. सर्व्हेअरही त्यांनीच सुचवलाय, नेहमीचा आहे म्हणाले. डिपॉझिट गेल्या आठवड्यात भरलं.

उलटं शीड
कुठल्या खात्यात?

पहिलीच बोट
त्यांच्याच. पावती मिळालीय. का?

खारा वारा
सर्व्हेअर आजच बदला, स्वतः शोधलेला आणा. खातं वेगळं आहे का ते लेखी मागा, आणि क्रेनवाल्याला सांगा बोट निदान रात्रभर वरच ठेव. मीटर सोडा, निदान कीलच्या सांध्यातून काय ठिबकतंय ते तरी सकाळी दिसेल.

उलटं शीड, हसू नका.